सोंस पाहायला कहलगावला: गंगेतल्या डॉल्फिनसाठी एक दिवस

बिहारमधल्या कहलगावच्या घाटावर नावाडी "सोंस" म्हणाला की मराठी कानाला पहिल्यांदा "सुसर" असंच ऐकू येतं. माझ्या आईने तर नावेत टाकलेला पाय मागे घेतला होता. तिचं काही चुकलं नव्हतं. तिकडचा सूंस आणि आपली सुसर हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या 'शिशुमार'कडेच जातात. गंगेकाठी तो शब्द डॉल्फिनला लागला, आपल्याकडे मगरीच्या भाऊबंदांना. म्हणून निघण्याआधी एवढं मनात पक्कं करा: सोंस, सूंस, सुसू ही सगळी गंगेतल्या डॉल्फिनचीच नावं आहेत आणि हा जीव माणसाला काहीही करत नाही.

दुसरी तयारी मनाचीच आहे. दापोली, हर्णै, तारकर्ली किंवा गोव्यात ज्यांनी डॉल्फिन पाहिलेत, त्यांच्या डोळ्यांपुढे एक चित्र असतं: पाठीवरचा उंच पर, चार-पाचजणांचा कळप, मागे धावणारी बोट आणि "तो बघा, तो बघा" असा गलका. गंगेत यातलं काहीच नाही. सोंस उड्या मारून दाखवत नाही. त्याच्या पाठीवर पर म्हणावा असा पर नसतो, नुसता एक बसका उंचवटा असतो. तो श्वासापुरता वर येतो आणि एका क्षणात जातो. त्याला पाहायचं तर आधी कान लावून बसावं लागतं. पहिल्या खेपेला मला हे माहीत नव्हतं. अख्खा पहिला तास मी इंजिनाच्या धडधडीत नदी पालथी घातली आणि मला पाण्याशिवाय काही दिसलं नाही.

कुठे जायचं, आणि तिथेच का

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बिहारमधला भागलपूर जिल्हा निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा सुमारे ५०-६० किलोमीटरांचा पट्टा १९९१ साली विक्रमशिला गांगेय डॉल्फिन अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२१ ते २०२३ या काळात देशभरातल्या नदी-डॉल्फिनची पहिली सर्वंकष गणना झाली आणि तिचे आकडे मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले. एकूण ६,३२७ डॉल्फिन. त्यात उत्तर प्रदेशात २,३९७, बिहारमध्ये २,२२०. पंजाबात बियास नदीतले फक्त ३, आणि ते सिंधू नदीतल्या वेगळ्या जातीचे. चंबळची सफर सुंदरच आहे, घडियाल आणि पाणपक्ष्यांसाठी तर अवश्य करावी; पण राजस्थान आणि मध्य प्रदेश मिळून फक्त ९५ डॉल्फिन आहेत. एकच दिवस हाताशी असेल तर जिथे जनावर जास्त तिथे जावं.

त्यातही कहलगाव निवडण्याचं कारण नदीच्या तळाशी आहे. इथे गंगेच्या पात्रात तीन खडकाळ बेटं आहेत, त्यांवर झाडी आणि साधूंचे आश्रम. वाहतं पाणी या खडकांवर आपटून फुटतं, बेटांच्या पाठीमागे उलटे प्रवाह आणि भोवरे तयार होतात, तळ खरवडून खोल डोह पडतात. अशा उलट्या प्रवाहात मासे गोळा होतात आणि त्यांच्या मागे सोंस. पाण्याचा जोर कमी असल्यामुळे त्याला तिथे थांबून राहायलाही कमी कष्ट पडतात. हे एकदा समजलं की कुठल्याही नदीवर नजर कुठे ठेवायची ते कळतं: बेटाच्या किंवा वाळूच्या दांड्याच्या खालच्या टोकाशी, वळणाच्या बाहेरच्या खोल बाजूला, पुलाच्या खांबांपाशी आणि दोन नद्या मिळतात तिथे.

कधी जायचं

नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ, हे दोन हंगाम उत्तम. डिसेंबर अखेर ते जानेवारीत तिकडे धुकं इतकं दाट पडतं की कधीकधी सकाळी दहापर्यंत समोरचा काठ दिसत नाही, आणि गाड्या तासन् तास उशिरा धावतात. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी असल्याने डॉल्फिन डोहांत एकवटतात खरे, पण ऊन सोसवत नाही. पावसाळ्यात जाऊच नका. पूर आलेल्या गंगेत लहान नाव ही सहलीची जागा नव्हे, आणि पाणी चढलं की डॉल्फिनही उपनद्यांमध्ये पांगतात.

तारखा ठरवताना छठ पाहून घ्या. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठपूजा असते. त्याच्या आधीच्या आठवड्यात मुंबई-पुण्याहून बिहारला जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या जागेवर पहिला हक्क घरी निघालेल्या माणसांचा आहे. श्रावणात सुलतानगंज टाळा. तिथून गंगेचं पाणी घेऊन लाखो कावडिये शंभरेक किलोमीटर चालत देवघरला जातात.

कसं पोहोचायचं

मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनस ते भागलपूर अशी थेट गाडी आहे, प्रवास जवळपास दीड दिवसाचा. विमानाने पाटणा, तिथून रेल्वेने भागलपूर. पण मराठी घरांना मी वेगळाच रस्ता सुचवेन. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं काशी-प्रयाग-गया करायला जातात. गयेहून भागलपूर एका दिवसात गाठता येतं. देवघरच्या वैद्यनाथाला जाणारेही पुष्कळ असतात (आपण ज्योतिर्लिंग परळीला मानतो, तिकडे देवघरला मानतात). तेही भागलपूरपासून काही तासांवर आहे. यात्रेला एक दिवस जोडला की ज्या गंगेत आपण स्नान केलं तिच्यात राहणाऱ्याची भेटही होते. आम्ही तसंच केलं होतं.

मुक्काम भागलपूरला करा, हॉटेलं तिथे आहेत. कहलगाव पूर्वेला ३० किलोमीटरच्या आसपास. साहिबगंजकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात, किंवा रस्त्याने जा. त्या रस्त्यावर खडीचे ट्रक मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे नकाशावरचं अंतर पाहून हिशोब करू नका. दीड तास धरा.

आदल्या दिवशी

भागलपूरच्या वनविभागाच्या कार्यालयात एक फेरी मारा. अभयारण्यात नावेने फिरण्याबाबत सध्याचे नियम काय आहेत, परवानगी लागते का, कुठल्या घाटावरून नाव घ्यावी, हे तिथेच विचारा.

सामान थोडंच हवं: टोपी, फिकट किंवा मातकट रंगाचे कपडे, पाणी, वही-पेन्सिल, घड्याळ. दुर्बीण असेल तर घ्या, पण ती पक्ष्यांसाठी. लाइफ जॅकेट घाटावर मिळेलच असं नाही. लहान मुलं बरोबर असतील तर घरूनच न्या. त्याशिवाय मुलांना नावेत बसवू नका, नावाडी कितीही "कुछ नहीं होगा" म्हणाला तरी.

सकाळ

पहाटे साडेपाचला भागलपूर सोडा, म्हणजे सातच्या सुमारास कहलगावच्या घाटावर असाल. वारा पडलेला असतो, पाणी आरशासारखं असतं. डॉल्फिन दिवसभर वर येतच असतात, पण वाऱ्याने लाटा उठल्या की त्यांची पाठ लाटांत हरवते. म्हणून सकाळ.

घाटावर दोन प्रकारच्या नावा दिसतील: डिझेल इंजिनाच्या मोठ्या आणि वल्ह्याच्या लहान. शक्य तर वल्ह्याची घ्या. इंजिनाचीच मिळाली तर बोलणी करतानाच ठरवा की बेटांजवळ पोहोचल्यावर इंजिन बंद करायचं आणि नाव प्रवाहाबरोबर सोडायची. पैसे फेरीवर नको, तासावर ठरवा. फेरीवर ठरवलं की नावाड्याला घाई होते. निदान दोन तास घ्या. बोलताना वयाने मोठ्या नावाड्याला "चाचा", बरोबरीच्याला "भैया" म्हणा. "सोंस कहाँ ज्यादा उठता है?" एवढा एक प्रश्न पुरे. या भागात अंगिका बोलतात, पण हिंदी सगळ्यांना येते.

नावाडी सांगेल ते ऐका. कहलगावच्या मच्छीमारांचं या पाण्याशी असलेलं नातं सहज मिळालेलं नाही. सुलतानगंजपासून पीरपैंतीपर्यंत गंगेवर जमीनदारी होती, जमिनीवर असते तशी चक्क पाण्यावर. मासे धरायचे तर पाणीदाराला पैसे मोजावे लागत. तिच्याविरुद्ध १९८२ साली कहलगावच्या कागजी टोल्यातून गंगा मुक्ती आंदोलन उभं राहिलं आणि सुमारे दहा वर्षांच्या लढ्यानंतर ती पाणीदारी संपली. तुमची नाव वल्हवणाऱ्या माणसाचा बाप किंवा काका त्यात असू शकतो. विचारलंत तर सांगतील, आणि डॉल्फिनची वाट पाहताना यापेक्षा चांगली गोष्ट ऐकायला मिळणार नाही.

पाण्यावर: कसं पाहायचं

इंजिन बंद झालं की पहिली पाच मिनिटं काहीच करू नका. बोलू नका, कॅमेरा काढू नका. कान शांत होऊ द्या. मग एक आवाज येईल. "सूंऽस". सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा, पण लगेच तुटणारा. हा डॉल्फिनचा श्वास. त्याचं नाव त्याच्या श्वासावरूनच पडलं असं तिकडचे लोक मानतात, आणि एकदा ऐकल्यावर तुम्हालाही पटेल. आमच्या नावेत तो पहिल्यांदा आईने ऐकला. मोतीबिंदूमुळे तिला समोरचं धूसर दिसायचं, म्हणून ती डोळे मिटून बसली होती. "आत्ता डावीकडे कोणीतरी उसासा टाकला," ती म्हणाली. आम्ही सगळे उजवीकडे पाहत होतो.

आवाज आला तिथे नजर वळवेपर्यंत जनावर गेलेलं असतं, तरी वळवा. पाण्यावर एक गोल वलय उरलेलं असतं. ते धरून ठेवा आणि मनात आकडे मोजायला लागा. सोंस साधारण अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत पाण्याखाली राहतो. तो पुन्हा त्याच जागी येईलच असं नाही, पण खोल डोहात शिकार करत असेल तर आसपासच येतो. दोन-तीन वेळा मोजलंत की त्या एका जनावराची लय हाती लागते, आणि पुढच्या खेपेला तुम्ही आधीच तिकडे पाहत असता.

नजर एका बिंदूवर रोखू नका. पाण्याचा मोठा तुकडा डोळ्यांत सैल धरा, काही हललं की तिकडे वळा. दुर्बिणीतून शोधू नका. तिच्यात दिसणारं वर्तुळ इतकं लहान असतं की जनावर नेमकं त्याच्या बाहेर वर येतं. सोबत्यांना दिशा सांगताना घड्याळ वापरा: नावेचं नाक म्हणजे बारा, उजवा हात तीन, डावा नऊ. "नऊ वाजता, दोन नावांच्या अंतरावर" असं म्हटलं की सगळ्यांना एकदम कळतं.

बहुतेक वेळा आधी दिसते ती चोच. लांब, चिमट्यासारखी, वरखाली अणकुचीदार दातांनी भरलेली. मग कपाळाचा फुगवटा, मग राखी-तपकिरी पाठ, आणि संपलं. चोच फार लांब आणि टोकाशी किंचित वर वळलेली असेल तर ती मादी. मादी नरापेक्षा मोठी, अडीच मीटरच्या आसपास भरते. मोठ्या पाठीला चिकटून एक छोटी, जास्त गडद पाठ उठली तर आवाज न करता तिथून नाव दूर न्यायला सांगा. ते पिल्लू आहे. मादीला दोन-तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू होतं.

हे सगळं वर चालू असताना खाली काय चाललंय ते माहीत असलं की पाहण्यात वेगळाच अर्थ येतो. सोंस जवळजवळ आंधळा आहे. त्याच्या डोळ्यात भिंगच नसतं. उजेड-अंधार कळतो, तेवढंच. गढूळ गंगेत डोळ्यांचा उपयोगही नव्हता. तो सतत बारीक टकटक आवाज सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून मासा, जाळं, तळ, नाव सगळं ओळखतो. पाण्याखाली तो बरेचदा एका कुशीवर होऊन, एक पर तळाला लावत पोहतो. म्हणजे आवाज हीच त्याची दृष्टी. त्याच्या डोक्यावर इंजिन धडधडत ठेवणं म्हणजे आपल्या डोळ्यांवर कोणीतरी झगझगीत दिवा रोखून धरण्यासारखं आहे. गंगेवरच झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की पाणी उथळ असताना बोटींचा आवाज वाढला की या प्राण्याच्या शरीरावरचा ताण वाढतो. इंजिन बंद करायला सांगताना संकोच वाटला तर हे आठवा.

फोटोबद्दल

पहिला अर्धा तास फोटो काढू नका. नंतर काढायचेच असतील तर शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जास्त, सलग फोटो घेण्याची सोय चालू, आणि ज्या डोहात तो दोनदा उठला तिथे आधीच फोकस लावून ठेवा. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो स्थिर धरणं जास्त फळतं. चित्र लहान येतं पण श्वासाचा आवाज नोंदला जातो, आणि घरी गेल्यावर तोच पुन्हापुन्हा ऐकावासा वाटतो.

मोजणं आणि नोंद

वहीत वेळ, जागा आणि एकाच क्षणी जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा लिहा. दहा वेळा पाठ दिसली म्हणजे दहा डॉल्फिन नव्हेत. एकच जनावर दहा वेळा आलेलं असू शकतं. एकाच वेळी दोन ठिकाणी पाठी उठल्या तर निदान दोन, हे पक्कं.

हे करू नका

मागे धावू नका. एखादा दूर उठला की "उधर चलो" म्हणायचा मोह होतो, पण नाव पोहोचेपर्यंत तो निघून गेलेला असतो आणि तुमच्या आवाजाने बाकीचेही डोह सोडतात. खायला टाकू नका, ड्रोन उडवू नका. घाटावर कोणी सोंसाचं तेल औषध म्हणून किंवा मासेमारीसाठी म्हणून दाखवलं तर घेऊ नका आणि वनविभागाला कळवा. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि २००९ पासून आपला राष्ट्रीय जलचर आहे, तरी तेलासाठी त्याला मारलं जायचं. त्याहून जास्त मरतात ते नायलॉनच्या बारीक जाळ्यांत अडकून. तो सस्तन प्राणी आहे. वर येऊन श्वास घेता आला नाही की गुदमरतो. जाळ्यात अडकलेला जिवंत सोंस दिसला तर नावाड्याकरवी ताबडतोब वनविभागाला फोन लावा. तोवर त्याचं डोकं पाण्यावर राहील एवढंच पाहा, शेपटी धरून ओढू नका.

चीनमधल्या यांगत्सी नदीत असाच एक डॉल्फिन होता, बैजी. २००६ साली सहा आठवडे अख्खी नदी धुंडाळली, एकही सापडला नाही.

दुपार

साडेनऊ-दहाला वारा सुटतो, तेव्हा काठावर या. घाटाजवळ जिलबी-कचरी मिळते, लिट्टी-चोखा मिळतो. दही-चूडा, म्हणजे दही-पोहे, मिळाला तर तोच घ्या. भागलपूरच्या कतरनी तांदळाचे पोहे बारीक आणि सुवासिक असतात, आपल्या दडपे पोह्यांवर वाढलेल्या जिभेला लगेच ओळख पटते.

कहलगावपासून दहा-बारा किलोमीटरवर अंतीचक गावात विक्रमशिला महाविहाराचे अवशेष आहेत. पालवंशीय राजा धर्मपालाने स्थापन केलेलं हे विद्यापीठ; तिबेटात धर्म नेणारा अतीश दीपंकर इथलाच आचार्य. मधोमध मोठा स्तूप, भोवती भिक्षूंच्या खोल्यांची चौकट. बाजूचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. दीड तास पुरतो.

वाटेत किंवा नावेतून पक्षीही पाहा: चक्रवाक, पाणकावळे, नदी सुरय, हिवाळ्यात पट्टकादंब. टक्कल पडलेला, माणसाच्या खांद्याएवढा उंच करकोचा दिसला तर नीट बघून घ्या. लोक त्याला गरुड म्हणतात. जगात तो मोजक्याच ठिकाणी घरटी करतो, भागलपूरच्या गंगेपलीकडचा दियारा, म्हणजे नदीकाठचा गाळाचा सखल पट्टा, त्यांतला एक.

संध्याकाळ

सूर्य तिकडे मुंबईपेक्षा तासभर आधी मावळतो, हे महाराष्ट्रातून गेलेल्याच्या लक्षात राहत नाही. डिसेंबरात पाचला उजेड संपतो. म्हणून साडेतीनपर्यंत भागलपूरला परत या आणि थेट बरारी घाटावर जा. इथे नाव नको, पैसेही नकोत. पायऱ्यांवर बसा. विक्रमशिला सेतूच्या खांबांच्या बाजूला पाण्यावर नजर ठेवा. वयस्कर माणसं, ज्यांना नावेत चढणं जमत नाही, त्यांच्यासाठी तर हीच जागा. आईला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा इथेच घेऊन आलो होतो. शाळेची पोरं पायऱ्यांवर खेळत होती, कोणी कपडे धूत होतं, आणि पन्नास पावलांवर सोंस उठत होते.

उजेड गेल्यावर लगेच उठू नका. पाठ दिसेनाशी झाली तरी श्वास ऐकू येत राहतो, आणि घाटावरची वर्दळ ओसरल्याने आता जास्त स्पष्ट. आईने त्या संध्याकाळी बोटांवर सतरा मोजले. परतीसाठी ई-रिक्षावाल्याला मात्र आधीच सांगून थांबवून ठेवा. अंधार पडल्यावर घाटाजवळ वाहन लवकर मिळत नाही.